आर्ताची प्रार्थना आणि कैवाऱ्याचा शब्द

गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत आर्ताचा उल्लेख सर्वांत आधी येतो. श्रेष्ठत्वाचा मान मात्र ज्ञानी भक्ताकडे जातो. ही प्रतवारी आपल्या वाङ्मयीन अभिरुचीतही नकळत मुरलेली आहे. संकटात सापडून देवाला हाका मारणारा मनुष्य हा भक्तीच्या पहिल्या पायरीवरचा, आणि त्याची प्रार्थना म्हणजे पुढे केव्हातरी मागे टाकावयाची गोष्ट, असे आपण सहसा धरून चालतो. ख्रिस्ती प्रार्थनावाङ्मयाकडे वळणाऱ्या वाचकाने हा ग्रह काही काळ बाजूस ठेवला पाहिजे. भ्यालेल्या, खचलेल्या, देवाने आपल्याला टाकले आहे अशा शंकेने पोळलेल्या मनुष्याची हाक तेथे प्राथमिक अवस्था म्हणून येत नाही. ती प्रार्थनेचा गाभाच होऊन बसलेली आहे.

याचा पुरावा स्तोत्रसंहितेत आहे. यहुदी समाजाकडून ख्रिस्ती धर्मसभेकडे वारशाने आलेली ही दीडशे स्तोत्रे. हेरमान गुंकेल या जर्मन पंडिताने विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत त्यांची वाङ्मयप्रकारानुसार विभागणी केली, तेव्हा सर्वांत मोठा वर्ग निघाला तो एकट्या व्यक्तीच्या विलापाचा; आभाराचा किंवा स्तवनाचा नव्हे. या विलापस्तोत्रांची घडणही ठरलेली आहे. प्रथम देवाला संबोधन, मग गाऱ्हाणे, मग मागणे, आणि शेवटी विश्वासाचा उद्गार किंवा स्तुतीचे वचन. तेरावे स्तोत्र पाहावे. ते अगदी लहान आहे. पण त्याच्या आरंभी ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा विचारला जातो, आणि अखेरीस तोच प्रश्नकर्ता गाऊ लागलेला दिसतो. बेचाळीस आणि त्रेचाळीस ही मुळात एकच असलेली स्तोत्रे. त्यांत विलाप करणारा आपल्याच जिवाला तीनदा विचारतो की, तू असा का खचलास. येथे मनुष्य एकाच वेळी देवाशी आणि स्वतःशी बोलत आहे. तुकोबांचे आपल्या मनाशी चाललेले झगडे ज्याच्या कानांवरून गेले आहेत, त्या मराठी वाचकाला हा स्वर परका वाटू नये.

मात्र एक कोडे उरते. गाऱ्हाणे आणि गाणे यांच्यामध्ये नेमके काय घडले? कवीची परिस्थिती तर पालटलेली दिसत नाही. शत्रू तेथेच आहेत, आजारही तोच आहे. गुंकेलचा शिष्य योआखिम बेग्रिख याने 1934 साली या कोड्याचे एक उत्तर सुचविले. त्याच्या मते ही स्तोत्रे मंदिरात म्हटली जात, आणि गाऱ्हाणे संपले की मध्ये पुरोहित देवाच्या नावाने अभयवचन उच्चारी. ते वचन स्तोत्राच्या संहितेत नोंदले गेले नाही. राहिला तो केवळ त्याचा परिणाम. हे मत सर्वांनी स्वीकारलेले नाही, आणि प्रत्यक्ष पुरोहिताचा असा विधी सिद्ध करणे कठीणच आहे. तथापि माझ्या मते या तर्कात वाङ्मयीन सत्य आहे. खचलेला मनुष्य स्वतःच्याच शब्दांनी सावरत नाही. स्तोत्राच्या मध्यावर एक मोकळी जागा आहे, आणि तेथे दुसऱ्या कोणाचा तरी आवाज यावा लागतो.

तो आवाज बहुधा ‘भिऊ नको’ असा असतो. हे शब्द बायबलमध्ये वर्षाच्या दिवसांइतके, म्हणजे तीनशे पासष्ट वेळा आले आहेत असा एक भाविक समज आहे. मोजू जाता तो टिकत नाही, आणि टिकण्याची गरजही नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. हे शब्द सहसा कारणांच्या आधी येतात. देवदूत मरियेला किंवा मेंढपाळांना प्रथम भिऊ नको म्हणतो आणि वृत्तांत मागून सांगतो. धीर हा युक्तिवादाचा निष्कर्ष म्हणून दिला जात नाही. मराठीतही आपण धीर ‘देतो’. पटवून देतो असे म्हणत नाही.

नव्या करारातील ग्रीक भाषेत या कृतीसाठी जो शब्द आहे त्याने अनुवादकांना फार छळले आहे. ‘पाराक्लेसिस’ म्हणजे शब्दशः कोणाच्या तरी जवळ उभे राहून हाक देणे किंवा कोणाला जवळ बोलावणे. सांत्वन, बोध, विनवणी, उत्तेजन हे सगळे अर्थ त्या एका शब्दात वसतात. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौलाने हा धातू अवघ्या पाच वचनांत दहा वेळा वापरला आहे. तेथे ‘सांत्वन’ हा शब्द दहादा घातला तर वाक्य शोकसभेतले वाटू लागते, आणि ‘उत्तेजन’ घातला तर बक्षीससमारंभातले. योहानाच्या शुभवर्तमानात याच धातूपासून झालेले ‘पाराक्लेतोस’ हे नाम पवित्र आत्म्यासाठी येते. तेथे मराठी अनुवादकांनी ‘कैवारी’ हा शब्द योजला, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते मराठी बायबलातील ही एक फार सुखद निवड आहे. संतांच्या बोलीत मुरलेला हा शब्द. कैवारी समजूत घालीत बसत नाही. तो आपला पक्ष घेतो.

पक्ष न घेता समजूत घालणारांचे चित्रही याच ग्रंथसंग्रहात आहे. ईयोबाचे तीन मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री मुकाट बसले. त्यांच्या हातून झालेले उत्तम कार्य तेवढेच. मग ते बोलू लागले, आणि बोलले ते सारे देवाच्या बाजूने. गंमत अशी की अखेरीस देवच त्यांना दोष देतो आणि गाऱ्हाणे करणारा ईयोब खरे बोलला असा निर्वाळा देतो. भयग्रस्ताला ‘तुझा विश्वास उणा पडला’ असे सांगणाऱ्या प्रत्येक उपदेशकाने हा प्रसंग वाचलेला असतो. तरी तो तसे सांगतोच.

हे सगळे शास्त्र एका प्रत्यक्ष जीवनात कसे कसाला लागले ते विल्यम कूपर या इंग्रज कवीच्या चरित्रात पाहावयास मिळते. 1731 साली जन्मलेल्या या हळव्या मनुष्याला 1763 साली उमराव सभेतील एका पदासाठी चाचणी द्यावयाची होती. तिच्या धास्तीने तो आत्महत्येपर्यंत गेला. सेंट ऑल्बन्स येथे नॅथॅनिएल कॉटन या डॉक्टरच्या शुश्रूषागृहात तो बरा झाला आणि तेथेच त्याला श्रद्धेचा आधार सापडला. औषध आणि प्रार्थना ही एकाच छपराखाली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 1767 साली तो ओल्नी या गावी राहावयास गेला. तेथील धर्मोपदेशक जॉन न्यूटन हा पूर्वी गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. दोघांनी मिळून गावच्या प्रार्थनासभांसाठी गीते रचली. 1779 साली निघालेल्या ‘ओल्नी हिम्स’ या संग्रहातील 348 गीतांपैकी साठांहून अधिक कूपरची आहेत.

पण संग्रह निघण्याच्या सहा वर्षे आधीच कूपरची प्रार्थना थांबली होती. 1773 च्या आरंभी त्याला पुन्हा झटका आला. एका स्वप्नात त्याने आपल्या सर्वनाशाचा निवाडा ऐकला, आणि देवाने आपल्याला, एकट्या आपल्यालाच, कायमचे वगळले आहे अशी त्याची खात्री झाली. यानंतर तो चर्चमध्ये गेला नाही. ज्यांची गीते गाऊन इतरांना धीर येत होता त्यांतला एक रचनाकार स्वतः त्या गीतांच्या बाहेर उभा होता.

न्यूटनने अशा वेळी काय केले? त्याने कूपरला आपल्या घरी आणले आणि वर्षाहून अधिक काळ ठेवून घेतले. पुढे कूपर ससे पाळू लागला, बागेत रमू लागला, मोठे काव्य लिहू लागला. ‘द टास्क’ 1785 साली प्रसिद्ध झाले आणि होमरच्या दोन्ही महाकाव्यांचा अनुवाद 1791 साली. न्यूटनच्या कडक धर्ममतांनीच हा कवी वेडा झाला असा आरोप काही चरित्रकारांनी केला आहे. मला तो पटत नाही, कारण 1763 चा झटका न्यूटनची ओळख होण्यापूर्वीचा आहे. न्यूटन निर्दोष होता असेही नाही. 1786 साली कूपरच्या नव्या स्नेहसंबंधांविषयी त्याने नापसंतीचे पत्र धाडले आणि कूपर दुखावला; ईयोबाच्या मित्रांची जात तशी चिवट असते. परंतु मैत्री तुटली नाही. जो मनुष्य स्वतः प्रार्थना करू शकत नाही त्याच्यासाठी दुसऱ्याने प्रार्थना करीत राहणे, हे ख्रिस्ती मध्यस्थीचे तत्त्व न्यूटनने वर्षानुवर्षे पाळले. मार्काच्या शुभवर्तमानात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला छप्पर उसकटून येशूपुढे सोडतात, आणि येशू पाहतो तो ‘त्यांचा’ विश्वास. बाजेवर पडलेला मनुष्य त्या वेळी काय मानीत होता, याची चौकशीही होत नाही.

कूपर बरा झाला नाही. 1799 साली त्याने लिहिलेल्या अखेरच्या स्वतंत्र कवितेत, जहाजावरून समुद्रात पडलेल्या एका खलाशाशी त्याने आपली तुलना केली आहे. 1800 साली तो वारला. प्रार्थनेने भय हटतेच असे सांगणारास हे चरित्र अडचणीचे वाटेल. स्तोत्रसंहितेला ते तसे वाटत नाही, कारण तिच्यात अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आहे. विलापस्तोत्रांची नेहमीची घडण येथे मोडते. संबोधन आहे, गाऱ्हाणे आहे, वळण नाही. मधली मोकळी जागा मोकळीच राहते. तरीही हे स्तोत्र कोणी संग्रहातून काढून टाकले नाही. सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांना दर आठवड्यास दीडशेही स्तोत्रे म्हणण्याचा नियम घालून दिला. म्हणजे ज्याचे मन त्या दिवशी प्रसन्न आहे त्यानेही हे स्तोत्र म्हणावयाचे. जो म्हणू शकत नाही त्याच्या वतीने ते म्हटले जाते, असा त्याचा अर्थ मी घेतो.

मराठीत या स्वरासाठी भूमी तयार होती. करुणाष्टके हा प्रकारच आपल्याकडे आहे. नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या घाटात ख्रिस्ती भजने लिहिली तेव्हा विनवणीचा हा सूर त्यांना बाहेरून आणावा लागला नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावी बायबलचे भाषांतर केले, ते त्यांच्या निधनानंतर 1924 साली संपूर्ण प्रसिद्ध झाले. त्यामागे बायबल साध्यासुध्या स्त्रीला कळावे ही तळमळ होती. अनुवादकाला मोह होतो तो विलाप मवाळ करण्याचा, आरोपाची विनंती करण्याचा. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात हा मोह अगदी शेवटच्या शब्दावर येऊन थांबतो. मूळ हिब्रूत तो शब्द ‘अंधार’ असा आहे, आणि त्यानंतर काहीही नाही. मराठी वाक्य स्वभावतः क्रियापदावर विसावते. ‘आहे’ किंवा ‘झाला’ असे काही जोडले की काळोखाला टेकू मिळतो. पण क्रियापद गाळलेले वाक्यही मराठीला चालते. तेथे ते गाळावे, आणि वाचकाला त्या नामावरच सोडावे.