पेंग्विन चालला गडचिरोलीला!

ऑक्टोबर 2025 मध्ये तुमच्याही ऑफिसात ती धावपळ झाली असणार. 14 तारखेला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि आयटीवाल्याने जुन्या लॅपटॉप्सकडे बोट दाखवून ‘हे बाद’ असं जाहीर केलं. मशीन धडधाकट, पण विंडोज 11 ला हवी ती सिक्युरिटी चिप त्यात नाही. पैसे मोजले आपण आणि एक्स्पायरी डेट ठरवली भलत्यानेच. आहे ना गंमत?

माझ्या लॅपटॉपचंही तेच झालं. फ्रीलान्सरला कुठलं आलंय आयटी डिपार्टमेंट! एका मित्राने पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट आणून दिलं आणि अर्ध्या तासात काम फत्ते. पहिला आठवडा वैतागात गेला, प्रिंटर रुसला, क्लायंटच्या एक्सेल शीटचं रूपडं पालटलं. पण मेल, फायरफॉक्स, लिबरऑफिस सगळं झकास. मराठीसाठी एक रुपयाही लागला नाही. आमच्या फील्डमधली सीनियर मंडळी अजून डोंगलच्या गोष्टी सांगतात. युनिकोड रुळायच्या आधी मराठी फॉन्टसाठी कॉम्प्युटरला हार्डवेअर लॉक लावावं लागायचं, आणि दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की आपणच लिहिलेला मजकूर म्हणजे नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा!

तर हा पेंग्विनवाला लॅपटॉप घेऊन मी एका कामासाठी गावाकडे गेले. मी मूळची चंद्रपूरची. मूल, सावली करत वैनगंगा ओलांडली की गडचिरोली आणि तिथून पुढे धानोऱ्याचा रस्ता. याच रस्त्यावर मेंढा (लेखा) आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं ते गाव. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल गावाचं, बांबू गावाचा. पण तो बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा आणि परवान्यांचं बुक वनखात्याकडे! शेवटी 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा ते बुक ग्रामसभेच्या हातात पडलं. लायसन्स-कीचा अर्थ मला कुठल्याही टेक मॅगझिनपेक्षा या गोष्टीत जास्त कळला.

मुक्काम ज्यांच्याकडे होता, त्यांची मुलगी अकरावीत. घरात गोंडी, कॉलेजात मराठी, फोनमध्ये इंग्रजी. लॅपटॉपकडे बघत तिने विचारलं, ‘‘ताई, याच्यात गोंडी येते का?’’

चांगलीच गुगली! 2011 च्या जनगणनेत सुमारे 29 लाख 84 हजार लोकांनी गोंडी मातृभाषा नोंदवली. तरी ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. लिपीचं म्हणाल तर मंगलसिंह मसराम यांनी 1918 मध्ये एक बनवली. ती मसराम गोंडी 2017 मध्ये युनिकोडमध्ये आली. शेजारच्या आदिलाबादमध्ये सापडलेली गुंजाळा गोंडी 2018 मध्ये. म्हणजे अक्षरांना नंबर मिळाले. पण फॉन्ट कोण देणार, कीबोर्ड कोण देणार? कंपनी आधी बाजार बघते, आणि धानोरा तालुका काही कुणाचं टार्गेट मार्केट नाही, बॉस.

फॉन्ट मात्र होता. नोटो मालिकेतला, मुक्त परवान्याचा, कुणीही वापरावा आणि वाटावा असा. रस्त्यापर्यंत चालत जाऊन रेंज पकडली आणि ती छोटीशी फाईल उतरवली. अक्षरं नीट जुळवायचं काम हार्फबझ नावाची मुक्त प्रणाली करते. तीच फायरफॉक्समध्ये, तीच लिबरऑफिसमध्ये. कॅरेक्टर मॅपमधून एकेक अक्षर उचलत आम्ही तिचं नाव लिहिलं. तीन अक्षरांना दहा मिनिटं! तिने लॅपटॉप उचलला आणि थेट आजोबांपुढे धरला.

आजोबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘हे वाचते कोण?’’

पॉइंट आहे. घरात ती लिपी कुणालाच येत नव्हती, मलाही नाही. गोंडी देवनागरीतही लिहितात, आणि लिपी कोणती घ्यावी यावर मतं वेगळी आहेत. याच तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःची गोंडी शाळा काढली, तर 2022 मध्ये ती अनधिकृत म्हणून शिक्षण खात्याची नोटीस आली. अशा ठिकाणी एका फॉन्टने क्रांती होते असं मी म्हणणार नाही. पण नातीचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

मग ती कीबोर्डच्या मागे लागली. लिनक्समध्ये लेआऊट म्हणजे एक साधी टेक्स्ट फाईल. कुठल्या कीवर कुठलं अक्षर, एवढंच. (विंडोजवरही फॉन्ट बसतो आणि लेआऊट बनवायचं टूल मिळतं. पण इथे सिस्टिमची स्वतःची फाईलच उघडून बघता येते, दुरुस्त करता येते, शेजाऱ्याला देता येते.) मी दोन ओळी दाखवल्या, बाकीच्या तिने केल्या. अकरा अक्षरं झाली आणि लाईट गेले.

निघताना फाईल तिच्या पेनड्राइव्हवर टाकून दिली. कॉलेजच्या लॅबमध्ये एका जुन्या मशीनवर लिनक्स टाकू देतील का, हे ती सरांना विचारणार आहे. उरलेली अक्षरं कुठे बसवायची यावर तिचं आणि धाकट्या भावाचं भांडण चालू आहे. त्याच्या मते ‘क’ आहे तिथे चुकीचा आहे.