सूर्य नेमका कुठे?

पुण्यात घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर आला, असं समजू नका. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. पुणे जवळपास ७३.९ वर. अंशाला चार मिनिटं धरली तर मध्यान्ह सुमारे ३५ मिनिटं उशिरा. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळे ही वेळही सरकते: फेब्रुवारीच्या मध्यावर १२.४९, नोव्हेंबरच्या आरंभी १२.१८.

सूर्यामागे वळणाऱ्या सौरपटलांना हा हिशेब चोख लागतो. प्रकाश शोधणारा सेन्सर ढगाळ हवेत सहज फसतो. म्हणून नियंत्रक तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश घेऊन सूर्याची दिशा आणि उंची गणितानेच काढतो. आपलं पंचांगही तेच करतं की!

पुण्यात २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर, दक्षिणेला. २१ जूनला ८५ अंशांवर, तोही चक्क उत्तरेला.

गंमत म्हणजे सकाळ-संध्याकाळ पटलं सूर्याकडे पूर्ण वळवत नाहीत, नाहीतर पुढच्या रांगेची सावली मागच्या रांगेवर पडते. तेव्हा मावळतीला सौरप्रकल्पातली पटलं आडवी होताना दिसली, तर यंत्र बिघडलं असं समजू नका.