शब्दांची ओळख : सिम्युलेटेड

इथे अमेरिकेत दुकानात, ऑफिसात, टीव्हीवर सतत भेटणारा, पण आपण नीट न वाचता पुढे जातो असा एक शब्द आज घेऊया : सिम्युलेटेड. उच्चार करताना जोर पहिल्या ‘सिम’वर द्यायचा.

शब्दाचं मूळ लॅटिन. ‘सिमिलर’ म्हणजे सारखा, हा त्याच घराण्यातला. सिम्युलेटेड म्हणजे सारखं केलेलं, हुबेहूब भासवलेलं. पण याची खरी गंमत व्याकरणात आहे. विशेषण सहसा नामाची माहिती देतं. लाल गाडी ही गाडीच असते. सिम्युलेटेड डायमंड मात्र डायमंड नसतो! हे विशेषण पुढच्या नामावर चक्क काट मारतं.

म्हणूनच दागिने घेताना या शब्दाला फार महत्त्व आहे. समजा, तुम्ही लेकीसाठी हिऱ्याचं मंगळसूत्र ऑनलाइन बघताय. तिथे तीन प्रकारचे शब्द दिसतील. ‘नॅचरल’ म्हणजे खाणीतला हिरा. ‘लॅबोरेटरी-ग्रोन’ म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला, पण तोही कार्बनचाच, म्हणजे हिराच. आणि ‘सिम्युलेटेड’ म्हणजे फक्त हिऱ्यासारखा दिसणारा. तो बहुधा क्युबिक झिरकोनिया असतो, म्हणजे झिरकोनियमचं ऑक्साइड. किंवा मॉयसनाइट, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. मॉयसनाइट चकाकतोही छान आणि उष्णतेवर चालणाऱ्या साध्या टेस्टरला चकवूही शकतो, पण तो हिरा नव्हे.

इथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या दागिन्यांविषयीच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की नकली खड्याला रत्नाचं नाव द्यायचं तर नावाच्या लगेच आधी, तितक्याच ठळकपणे, ‘इमिटेशन’ किंवा ‘सिम्युलेटेड’ असा शब्द हवा. २०१८ साली कमिशनने हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नॅचरल’ हा शब्द काढला. ‘सिंथेटिक’ हा शब्दही सुचवलेल्या शब्दांतून वगळला, कारण ग्राहकांचा त्याने गोंधळ होई. लॅबमधल्या खऱ्या हिऱ्यालाही लोक खोटा समजत.

आता तुम्ही म्हणाल, मग सिम्युलेटेड आणि फेक एकच की! तसं नाही. ‘फेक’मध्ये फसवण्याचा वास येतो, आपल्या ‘बनावट’सारखा. सिम्युलेटेड हा शब्द उघडपणे सांगतो, की ही नक्कल आहे. गावाकडे आपण ‘बेन्टेक्सच्या बांगड्या’ म्हणतो, त्यात कुठे कुणाची फसवणूक असते? फसवणूक होते ती हा शब्द लपवला तर, किंवा आपण तो वाचलाच नाही तर.

‘आर्टिफिशियल’शीही गल्लत नको. आर्टिफिशियल म्हणजे माणसाने केलेलं. दिव्याचा उजेड आर्टिफिशियल असला, तरी त्यात पोथी वाचता येते. नाटकात रंगमंचावर फडफडणारा तांबडा कागद ही मात्र सिम्युलेटेड आग. तिच्यावर चहा होणार नाही.

पण नक्कल नेहमी कमअस्सलच असते असं समजू नका. विमानाचं इंजिन उड्डाणाच्या वेळी बंद पडलं तर काय करायचं, याचा सराव वैमानिक सिम्युलेटरमध्ये करतात. संकट लुटुपुटूचं, शिकणं मात्र खरं. तुमच्या कंपनीत ‘सिम्युलेटेड फिशिंग’ होत असेल, तर तेही तसंच. कंपनीच फसव्या ईमेलची नक्कल पाठवते आणि कोण लिंक दाबतं ते बघते. आपण मराठीत अशा सरावाला रंगीत तालीम म्हणतो.

टीव्हीच्या जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत ‘स्क्रीन इमेजेस सिम्युलेटेड’ दिसलं, तर पडद्यावरचं चित्र प्रत्यक्ष वापरातलं नाही, दाखवण्यापुरतं तयार केलंय, असं समजा. सोफ्यावर ‘सिम्युलेटेड लेदर’ असेल, तर ते कातडं नाही. आणि कुणाचं ‘सिम्युलेटेड सरप्राइज’ म्हणजे? उसनं आश्चर्य! आव आणणं हा त्याला आपला अस्सल शब्द.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी हिऱ्याची किंमत फारच स्वस्त वाटली, तर आकड्याआधी विशेषण वाचा. नॅचरल, लॅबोरेटरी-ग्रोन की सिम्युलेटेड, ते पावतीवर लिहून घ्या. खुशीने सिम्युलेटेड घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त दाम हिऱ्याचा मोजू नका!

भेटूया पुढच्या भागात, नवा शब्द घेऊन. तोवर नमस्कार.