सपाटीचा रंधा : लहान ट्रॅक्टरला जोडावयाचे घरगुती अवजार

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात जे. पी. नगर नावाची वसाहत आहे. जयप्रकाश नारायण यांचे नाव तिला दिलेले आहे. या वसाहतीत आणि तिच्या कडेला सारक्की व पुट्टेनहळ्ळी ही दोन जुनी तळी आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या या पठारावर बारमाही नदी नाही. म्हणून पूर्वीच्या लोकांनी जमिनीचा सौम्य उतार हेरून बांध घातले, आणि एका तळ्याचे ओसंडलेले पाणी दुसऱ्यात जाईल अशा कालव्यांनी तळी एकमेकांस जोडली. या कालव्यांना तेथे ‘राजकालुवे’ म्हणतात. पुट्टेनहळ्ळीचे तळे मध्यंतरी फार खालावले होते. २०१० साली स्थापन झालेल्या नागरिकांच्या विश्वस्त संस्थेने त्याची देखभाल अंगावर घेतली.

अशा तळ्याच्या काठची कच्ची वाट, शाळेचे मैदान किंवा वस्तीतील मोकळी जागा नीट राखणे हे वाटते तितके सोपे काम नव्हे. बंगळूरची तांबडी माती उन्हाळ्यात विटेसारखी कठीण होते. एप्रिल-मे महिन्यांत वळिवाची जोराची सर आली की वरचा थर सैल होऊन वाहू लागतो. वाट समतल आणि योग्य उताराची असेल, तर पाणी पातळ चादरीसारखे पसरून निघून जाते व फारशी माती नेत नाही. परंतु वाटेत चाकोऱ्या व खळगे असतील तर तेच पाणी एकत्र होते, त्याचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की माती खरवडण्याची त्याची शक्ती कितीतरी पटींनी वाढते. प्रथम बोटभर घळ पडते, मग हातभर. वाहून गेलेली माती शेवटी तळ्यातच जाते आणि गाळ होऊन बसते. म्हणजे वाटेची दुर्दशा ही केवळ चालणाऱ्याची गैरसोय नसते. तळ्याचे आयुष्यही तिने कमी होते.

मोठ्या रस्त्यांसाठी मोटार-ग्रेडर असतो. पण दहा-बारा टन वजनाचे यंत्र तीन मीटरच्या पाऊलवाटेवर नेणे म्हणजे मुंगीसाठी हत्ती आणणे होय. लहान ट्रॅक्टर मात्र तेथे सहज फिरतो. बंगळूरमध्येच १९६७ साली स्थापन झालेल्या व्ही. एस. टी. टिलर्स ट्रॅक्टर्स या कंपनीचे अठरा-वीस अश्वशक्तीचे ट्रॅक्टर महाराष्ट्रातील द्राक्षबागांतूनही फिरताना दिसतात. प्रश्न एवढाच राहतो की, अशा ट्रॅक्टरच्या मागे काय जोडावे.

ज्याला पहिल्यांदा हे काम करावयाचे असते, तो बहुधा एक जाड पोलादी पाते घेतो, ट्रॅक्टरच्या मागे पक्के बसवितो, आणि ते जमिनीला टेकवून ट्रॅक्टर हाकतो. तासाभराने पाहावे, तर वाट पूर्वीपेक्षा अधिक खाचखळग्यांची झालेली! दोष चालकाचा नसतो, भूमितीचा असतो. समजा, ट्रॅक्टरच्या पुढील व मागील आसांत दीड मीटर अंतर आहे आणि पाते मागील आसाच्या मागे एक मीटरवर धरून ठेवले आहे. पुढील चाके ५ सेंटिमीटर उंचवट्यावर चढली की ट्रॅक्टर मागील आसाभोवती तराजूच्या दांडीसारखा कलतो आणि पाते सुमारे ३.३ सेंटिमीटर खाली जाऊन जमिनीत रुतते. थोड्या वेळाने मागील चाके त्याच उंचवट्यावर येतात. तेव्हा पुढील चाके सखल भागी असतात आणि पाते ८ सेंटिमीटरांहून अधिक वर उचलले जाते. याचा अर्थ असा की, जेथे खणावयाचे नाही तेथे पाते खणते, आणि ओढत आणलेली माती भलत्याच जागी टाकून देते. पुढच्या फेरीस चाके या नव्या ढिगांवर चढतात. अशा रीतीने एका उंचवट्याची लाट होते व लाटेतून लाटा जन्मतात.

यावरचा उपाय सुताराच्या पेटीत शतकानुशतके पडून आहे. आखूड रंधा फळीच्या वरखाली होणाऱ्या पृष्ठभागाबरोबर स्वतःही वरखाली होतो. लांब रंधा मात्र दोन उंचवट्यांवर टेकून मधल्या खळग्यावरून पुलासारखा जातो आणि केवळ उंचवटे तासतो. मोटार-ग्रेडरचे पातेही याच कारणाने सहा मीटरच्या आसपास अंतर असलेल्या पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये टांगलेले असते. सपाटी साधते ती टेकूच्या लांबीने. वजन, अश्वशक्ती व चालकाचे कसब यांचा क्रम त्यानंतर लागतो.

आपल्याकडील शेतकऱ्यास हे अगदीच अपरिचित नाही. नांगरटीनंतर ढेकळे फोडून रान सारखे करण्यासाठी फिरविला जाणारा मैंद आणि उंच भागाची माती ओढून सखल भागात नेणारी बैलांची केणी, ही दोन अवजारे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. केणी माती वाहून नेते, मैंद ती पसरतो. अमेरिकेतील मिसूरी राज्यात डी. वॉर्ड किंग नावाच्या शेतकऱ्याने १८९६ च्या सुमारास असाच एक उपाय लोकांपुढे मांडला. ओंडका मधोमध चिरून त्याचे दोन अर्धभाग त्याने एकामागे एक समांतर बांधले आणि घोड्यांकरवी ते कच्च्या रस्त्यावरून जरा तिरपे ओढले. हे साधन इतके स्वस्त व उपयोगी ठरले की तेथील कृषिखात्याने १९०८ मध्ये त्यावर शेतकऱ्यांसाठी पुस्तिका काढली. ओंडके, साखळी आणि चार खिळे! यापेक्षा घरगुती अवजार ते कोणते असावयाचे?

ट्रॅक्टरसाठी बनवावयाचे अवजार हे किंगच्या ओंडक्यांचे आणि सुताराच्या रंध्याचे मिश्रण समजावे. दोन बाजूंस दोन लांब लोखंडी घसरपट्ट्या, त्यांच्यामध्ये दोन आडवी पाती, आणि पुढे ट्रॅक्टरला जोडण्याचा सांगाडा, एवढाच त्याचा संसार. घसरपट्ट्यांसाठी १०० × ५० मिलिमीटर मापाचे लोखंडी चॅनेल चांगले. प्रत्येकी १.६ मीटरच्या दोन पट्ट्या आणि त्यांना सांधणारे प्रत्येकी १.३ मीटरचे दोन आडवे दांडे मिळून ५.८ मीटर लागतात. म्हणजे ६ मीटर लांबीच्या एका चॅनेलमध्ये काम भागते. या चॅनेलचे वजन दर मीटरला साडेनऊ किलोच्या वर असते. पाती, तळपट्ट्या व जोडणी धरून सगळे अवजार सव्वाशे ते दीडशे किलोंचे होते, आणि एवढे वजन लहान ट्रॅक्टरची हायड्रॉलिक उचल सहज पेलते. रुंदी ठरविताना एकच नियम पाळावा : ती ट्रॅक्टरच्या मागील चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा किंचित जास्त असावी, म्हणजे चाकांनी उमटविलेल्या खुणा अवजाराखाली पुसल्या जातात. घसरपट्टीचे पुढचे टोक होडीच्या नाळेसारखे वर वळवावे. नाहीतर ते पहिल्याच ढेकळात घुसेल. पट्टीच्या तळाला १० मिलिमीटर जाडीची वेगळी तळपट्टी लावावी. झिजावयाची ती तीच, आणि बदलावयाचीही तीच.

पात्यांच्या बाबतीत मात्र घाई करू नये. पाते म्हणून १५० मिलिमीटर रुंदीची साधी लोखंडी पट्टी चालते; पण तिची धार साध्या लोखंडाची असेल तर मुरमाड जमिनीत ती पाहता पाहता बोथट होते. यासाठी गावोगावी मालमोटारीच्या जुन्या कमानीचा पाटा वापरतात. वखराची पास करण्यासही तोच कामी येतो. हे पोलाद कठीण असते व म्हणूनच ते सांध्याच्या बाबतीत नाजूक असते. वितळजोड केला की सांध्यालगतचा भाग अतिशय तापतो आणि भोवतालचा थंड धातू ती उष्णता झपाट्याने ओढून घेतो; त्यामुळे तेथे काचेसारखा ठिसूळ पट्टा तयार होतो. जोड डोळ्यांना उत्तम दिसतो, आणि पहिला दगड लागताच धार त्याच्या शेजारी तडकते. म्हणून पाटा वितळजोडाने न चिकटविता बोल्टांनी आवळावा. लोहाराकडून तो तापवून सरळ करून घ्यावा, राखेत सावकाश थंड होऊ द्यावा, मऊ झाल्यावर मधल्या रेषेवर भोके पाडावीत, आणि मग पुन्हा तापवून त्याला पाणी द्यावे. पाणी देण्याचे काम जाणत्या लोहाराचेच. जास्त कडक केलेला पाटाही मोडतो. बोल्टांची डोकी पात्यात बुडालेली असावीत व नट मागील बाजूस यावेत.

दोन्ही पाती एकमेकांपासून सुमारे ४० ते ५० सेंटिमीटर अंतरावर, पण थोडी तिरपी बसवावीत : पुढचे एका अंगास, मागचे त्याच्या विरुद्ध. पुढच्या पात्याने डावीकडे सारलेली माती मागचे उजवीकडे परत आणते आणि ट्रॅक्टरला एका बाजूस ढकलणारा जोरही परस्पर छेदला जातो. पात्याची धार घसरपट्टीच्या तळापेक्षा केवळ १ सेंटिमीटर खाली ठेवावी. अवजाराचा सारा गुण या एका सेंटिमीटरात आहे. पट्ट्या उंचवट्यांवर टेकलेल्या असतात. पाते त्यांच्या रेषेपेक्षा एका सेंटिमीटरहून खाली जाऊच शकत नाही. उंचवट्याचा माथा तेवढाच तासला जातो, आणि सैल झालेली माती पात्यासमोर लोळत जाऊन पुढच्या खळग्यात पडते. अधिक खोल काढण्याचा मोह झाला, तर धार खाली न करता फेऱ्या वाढवाव्यात. पात्यांची भोके लांबट ठेवली म्हणजे धार वरखाली सरकविता येते.

आता जोडणीविषयी. आजच्या ट्रॅक्टरची त्रिबिंदू जोडणी ही हॅरी फर्ग्युसन यांच्या संशोधनाचे फळ होय. १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे ती जगभर रूढ झाली. लहान व मध्यम ट्रॅक्टरांसाठी प्रचलित असलेल्या पहिल्या श्रेणीत खालच्या दोन खिळी २२ मिलिमीटर व वरची १९ मिलिमीटर व्यासाची असते. तथापि काही फार लहान ट्रॅक्टरांची मापे याहून वेगळी असल्यामुळे लोखंड कापण्यापूर्वी आपल्या ट्रॅक्टरवर मोजून घेणे बरे. अवजाराच्या सांगाड्यावर वरच्या खिळीसाठी गोल भोक न पाडता १० ते १२ सेंटिमीटर लांबीची खाच ठेवावी. काम करताना खालचे बाहू पूर्ण सोडून द्यावेत. मग ट्रॅक्टर पुढे-मागे कलला तरी खिळ खाचेत सरकते आणि अवजार जमिनीवर आपल्या पायांनी उभे राहते. ही खाच विसरल्यास वर वर्णन केलेला तराजूचा खेळ पुन्हा सुरू होतो व लांब पट्ट्यांचा सारा लाभ जातो.

हे अवजार सपाटी देते. उतार देत नाही. १.६ मीटरची पट्टी तिच्यापेक्षा आखूड खाचखळगे बुजविते, पण दहा मीटर पसरलेल्या खोलगट भागात ती त्या भागाबरोबरच खाली-वर होते. मोठ्या सिंचित शेतांत दहा-पंधरा मीटर लांबीची अशी अवजारे किंवा लेसर किरणाने नियंत्रित होणारे पाते वापरतात, ते त्यासाठीच. घरगुती अवजार वापरणाऱ्याने उतार आधी केणीने किंवा फावड्याने द्यावा. कच्च्या वाटेस ३ ते ४ टक्के आडवा उतार लागतो. ३ मीटर रुंदीच्या वाटेवर ४ टक्क्यांच्या हिशेबाने एक कडा दुसरीपेक्षा १२ सेंटिमीटर खाली येते. तळ्याकाठी शक्य असेल तेथे हा उतार तळ्याच्या उलट बाजूस, गवत राखलेल्या चरीकडे काढावा. उतार मोजण्यास महागडे उपकरण नको. दहा मीटर पारदर्शक नळीत पाणी भरून दोन विद्यार्थ्यांनी तिची टोके दोन खुंट्यांपाशी धरली की पाण्याची पातळी दोन्हीकडे एकच येते; त्या खुणांपासून जमिनीपर्यंतची अंतरे मोजली म्हणजे झाले. शाळांना हा प्रयोग मैदानावर एका तासात करता येईल.

काम केव्हा करावे हे माती सांगते. कोरड्या तांबड्या जमिनीवर पाते नुसते घसरते व ओल्या जमिनीत चाके रुततात. पाऊस उघडून जमिनीला वाफसा आला म्हणजे मूठभर माती दाबून पाहावी : गोळा व्हावा, पण अंगठ्याने दाबताच फुटावा. काळ्या जमिनीत हा काळ लवकर सरतो, म्हणून तेथे अवजार आधीच जोडून तयार ठेवावे. माती टणक असली तर सांगाड्यावर साठ-सत्तर किलो दगड ठेवण्यास हरकत नाही. परंतु अवजार उचलण्यापूर्वी ते उतरवावेत, कारण मागे भार वाढला की हलक्या ट्रॅक्टरची पुढील चाके जमीन सोडतात. दर फेरी मागील फेरीवर निम्मी चढवावी, कारण घसरपट्ट्यांखालची माती पात्याला लागत नाही. बांधाच्या कडेपासून ट्रॅक्टर चांगला दूर ठेवावा. आणि पाती तपासण्यासाठी हायड्रॉलिकवर उचललेल्या अवजाराखाली कोणीही हात वा डोके घालू नये. आधी त्याखाली भक्कम लाकडी ठोकळे सारावेत.

पहिल्या सरीनंतर वाटेवर एक चक्कर मारून जेथे पाणी साचले असेल तेथे खुंट्या ठोकाव्यात. वाफसा आला की त्या ठिकाणी चार टोपल्या माती टाकून पुन्हा दोन फेऱ्या घालाव्यात. धार एका अंगाने झिजली की बोल्ट काढून पाटा उलटा बसवावा. भोके मधल्या रेषेवर पाडलेली असल्यामुळे दुसरी कड जशीच्या तशी कामास येते.