डोमेन घेण्याआधी नाव कुणाचं, ते बघा

तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्याला वेबसाइट काढायची असते आणि हवं ते नाव आधीच कुणीतरी अडवून ठेवलेलं निघतं. मग दलालाकरवी सौदा ठरतो. नोंदणी करणारी कंपनी नाव मोकळं आहे का, एवढंच पाहते; तो कुणाचा ट्रेडमार्क आहे का, हे तपासण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. विकणाराही सुटत नाही.

मुंबई उच्च न्यायालयानं 1999 मध्येच ‘रेडिफ’ या इंटरनेट कंपनीच्या बाजूनं कौल दिला. प्रतिवादीचं डोमेन होतं ‘रॅडिफ डॉट कॉम’. रॅडिकल, इन्फर्मेशन, फ्यूचर, फ्री या शब्दांवरून नाव सुचलं, हा त्यांचा खुलासा न्यायालयाला पटला नाही. पटणार तरी कसा! पुढे 2004 मध्ये ‘सिफी’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डोमेनलाही ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं, असं स्पष्ट केलं.

‘डॉट इन’ नावांची नोंदणी सांभाळणाऱ्या ‘निक्सी’ या संस्थेकडे लवादाची सोय आहे. नाव ट्रेडमार्कशी मिळतंजुळतं, धारकाचा त्यावर रास्त हक्क नाही आणि हेतू वाईट, हे दिसलं की डोमेन रद्द होतं किंवा तक्रारदाराकडे जातं. सौद्यात मोजलेले पैसे लवाद परत मिळवून देत नाही. म्हणून ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावरचा मोफत शोध आधी घ्यावा; रसायनं वर्ग 1 मध्ये, औषधं वर्ग 5 मध्ये. वाद निघाल्यास भरपाई विक्रेता देईल, हे कलम करारात घालून घ्यावं.

‘पालघर’, ‘बोईसर’ ही गावांची नावं. त्यांवर एकट्याचा दावा सहसा टिकत नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूची गोष्ट वेगळी: त्याला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे ते नाव लावून भलताच चिकू विकता येत नाही.