पेल्यातील शिसे आणि सरकारची जबाबदारी

छत्तीसगडमध्ये 2017 पासून मद्याची किरकोळ विक्री सरकारी महामंडळ करते. विक्रेता सरकारच असेल, तर बाटलीत काय आहे याचे उत्तरदायित्वही सरकारचेच, असे मी मानतो.

विषारी दारू म्हटले की मिथेनॉल आठवते. त्याचे बळी दोन दिवसांत मोजता येतात. शिसे मात्र वर्षानुवर्षे हाडांत साचते. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील पोटशूळाचे मूळ सफरचंदाच्या मद्यातील शिशात आहे, हे जॉर्ज बेकर यांनी 1767 मध्ये दाखवले. 1900 मध्ये मँचेस्टर परिसरात बिअरमधील आर्सेनिकने हजारो लोक आजारी पडले.

आज शोध सोपा आहे. हेरॉव्हस्की यांच्या 1922 च्या पोलरोग्राफीतून पुढे आलेल्या विद्युत्-रासायनिक पद्धतीत नमुन्यातील शिसे आधी इलेक्ट्रोडवर साठवतात, मग विरघळवतात. त्या वेळच्या विद्युतप्रवाहावरून अब्जात काही भाग इतके अल्प प्रमाणही कळते. मद्यातील सेंद्रिय द्रव्ये अडथळा आणतात, म्हणून नमुन्यावर आधी आम्लाची वा अतिनील किरणांची प्रक्रिया करावी लागते. उपकरण मात्र टेबलावर मावते.

रायपूरची उरला ही लोखंड-पोलाद कारखान्यांची वसाहत. धातूच्या धुळीशी ज्यांची रोज गाठ पडते, त्यांच्या पेल्याची तपासणी प्रथम व्हावी. महामंडळाने तेथील दुकानांतून नियमित नमुने घ्यावेत आणि आकडे जाहीर करावेत. महसूल मोजणाऱ्या शासनाला शिसेही मोजता आले पाहिजे.