राजाचे कर्ज, शेठजींचा सट्टा आणि आपली एसआयपी

पातालपाणी ते कालाकुंड ही छोटी गाडी बहुतेक इंदूरकरांनी एकदा तरी पाहिलेली असते. मीटरगेजचे डबे, चाळीस फुटांना एक फूट असा उतार, चार बोगदे आणि खाली चोरल नदीचे खोरे. डिसेंबर 2018 पासून ही हेरिटेज गाडी म्हणून चालते. खिडकीशी बसलेल्या पोरांना धबधबा हवा असतो, मोठ्यांना कालाकुंड स्टेशनवरचा पळसाच्या पानातला कलाकंद. मला मात्र दरवेळी या रुळांखालचा कर्जरोखा आठवतो.

1870 मध्ये महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज देऊ केले. खंडव्याहून नर्मदा ओलांडून, विंध्याचा घाट चढून आगगाडी इंदूरला यावी, एवढ्यासाठी. व्याज साडेचार टक्के, मुदत 101 वर्षे, आणि रुळांसाठी लागणारी जमीन फुकट. 1876 मध्ये नर्मदेवरचा पूल खुला झाला आणि दशक संपायच्या आत गाडी इंदूरला पोहोचली. या मार्गाचे नावच ‘होळकर स्टेट रेल्वे’.

दीर्घकालीन गुंतवणुकीवर बोलणारे आज दहा-पंधरा वर्षांची गोष्ट करतात. या राजाने एकशे एक वर्षांची केली. म्हणून गुंतवणुकीच्या आजच्या सगळ्यात मोठ्या वादाकडे मी या रुळांवरूनच पाहतो. पैसा चतुर माणसाच्या हाती देऊन निवडक शेअर घ्यायचे, की सगळा बाजार स्वस्तात विकत घेऊन स्वस्थ बसायचे? पहिला मार्ग अ‍ॅक्टिव्ह, दुसरा पॅसिव्ह.

रुपया आणि चांदी

आधी कर्जाचा हिशेब करू. एक कोटीवर साडेचार टक्के म्हणजे वर्षाला साडेचार लाख. सरळ व्याजाने 101 वर्षांत साडेचार कोटींहून थोडे अधिक. तेच व्याज दरसाल त्याच दराने पुन्हा गुंतवता आले असते, तर एक कोटीचे सुमारे 85 कोटी झाले असते. मुद्दल तेच, दर तोच. फरक फक्त व्याजावरच्या व्याजाचा.

पण खरी मेख पुढे आहे. 1870 चा रुपया चांदीचा होता. एका रुपयात सुमारे 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणजे एक कोटी रुपये ही 107 टन चांदी झाली. 1940 मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि 1947 मध्ये रुपया निकेलचा झाला. त्याच वर्षी कर्ज घेणारे सरकार गेले. 1948 मध्ये कर्ज देणारे इंदूर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. 101 वर्षे भरत होती 1971 च्या आसपास. त्या साली संस्थानिकांचे तनखेही रद्द झाले. देणारा, घेणारा आणि नाणे, तिघेही मुदतीआधी संपले.

कागदावर या कर्जात जोखीम नव्हती. सरकार बुडणार नव्हते, दर ठरलेला होता. जोखीम होती ती रुपयातच. मुदत ठेवीवर आयुष्य काढणाऱ्या आपल्या मध्यमवर्गाला हे सांगावे लागते, कारण ठेवीच्या पावतीवर महागाईचा रकाना नसतो.

मग राजा चुकला का? तसे मुळीच नाही. व्याजापेक्षा मोठा परतावा त्याला रुळांवरून मिळाला. इंदूरचा कापूस, धान्य आणि व्यापार मुंबईच्या मुख्य मार्गाला जोडला गेला. एका शहराची पुढची शंभर वर्षे त्या एक कोटीतून घडली.

कधीच न संपणारे धंदे

बाजारात ज्याला हल्ली ‘थीम’ म्हणतात, तिला इंदूर नवे नाही. हा धंदा आता कधी थांबायचा नाही, अशी सगळ्यांची खात्री झाली की थीम तयार होते.

पहिली थीम अफूची. माळव्याची अफू चीनला जायची. कंपनी सरकारने 1820 च्या दशकात हा माल स्वतःच विकत घेऊन मक्ता करण्याचा प्रयत्न केला. तो फसला, तेव्हा मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर परवान्याचे शुल्क बसवले. एकोणिसाव्या शतकात ते चढत गेले, तरी माल जातच राहिला. इंदूर, उज्जैन, रतलामच्या पेढ्या या व्यापारावर आणि त्याच्या सट्ट्यावर पोसल्या. 1907 मध्ये चीनशी निर्यात टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार झाला आणि 1913 मध्ये ती थांबली. कोणाच्या आजोबांनी कल्पना केली नसेल अशा वेगाने थीम संपली.

दुसरी थीम कापडाची. अफूत मुरलेला पैसा गिरण्यांत आला. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी ही नावे जुन्या इंदूरकराला आजही तोंडपाठ आहेत. सर शेठ हुकुमचंद हे या काळाचे मूर्तिमंत रूप. वायदेबाजारातला त्यांचा दबदबा असा की ते काय घेतात आणि काय विकतात यावर बाजाराचे कान असत. आजच्या भाषेत ते अ‍ॅक्टिव्ह गुंतवणूकदारांचे शिरोमणी. पण त्यांच्याच नावाच्या गिरणीचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे.

हुकुमचंद मिल 12 डिसेंबर 1991 ला बंद पडली. कामगारांची देणी कोर्टात अडकली. 25 डिसेंबर 2023 ला सुमारे 4,800 कामगारांसाठी 224 कोटी रुपये अखेर मोकळे झाले. मध्ये 32 वर्षे गेली. अनेकांचे पैसे वारसांनी घेतले. गिरण्या बंद झाल्या तरी अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणारी झांकी, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक, कामगारांनी बंद पडू दिली नाही. मालवा मिल आज चौकाचे नाव आहे. रिक्षावाल्याला ते सांगितले की पुरते, गिरणी असायची गरज नाही.

या कामगारांनी शेअर घेतले नव्हते. तरीही त्यांची सगळी गुंतवणूक एकाच कंपनीत होती: पगार, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, गिरणीजवळचे घर आणि मुलाला तिथेच चिकटवायची आशा. शेअरचा पोर्टफोलिओ वाटून ठेवणारा माणूस या पोर्टफोलिओकडे पाहतही नाही.

तिसरी थीम सोयाबीनची. 1970 नंतर माळव्याच्या काळ्या जमिनीत हे पीक पसरले आणि इंदूर सोया व्यापाराची राजधानी झाले. 1986 साली सुरू झालेली रुची सोया ही याच शहराची कंपनी. तिचे ‘न्यूट्रेला’ घराघरांत पोहोचले. डिसेंबर 2017 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. 2019 मध्ये पतंजलीने ती 4,350 कोटी रुपयांच्या योजनेतून घेतली. जानेवारी 2020 मध्ये शेअर पुन्हा बाजारात आला आणि काही महिन्यांत त्याचा भाव अनेक पटींनी वाढला. वर्तमानपत्रांनी ही तेजी मोठ्या अक्षरांत छापली. पण योजनेनुसार जुन्या भागधारकाच्या शंभर शेअरचा एकच शेअर उरला होता. सोयाबीन वाढले, तेल खपले, थीम खरी ठरली. तरी थीमवर विश्वास ठेवणाऱ्याच्या हाती शंभरातला एक.

धंदा वाढणे वेगळे आणि त्या धंद्यातल्या भागधारकाला पैसे मिळणे वेगळे. 1999-2000 मध्ये निघालेल्या इन्फोटेक फंडांत आणि 2007-08 मधल्या पायाभूत सुविधांच्या फंडांत पैसे घातलेल्यांना हे आठवत असेल. संगणक आले, रस्तेही झाले; पण ऐन शिखरावर घुसलेल्याला मुद्दल परत दिसायला वर्षे लागली. फंड विकायला सोपा असतो तेव्हाच तो घ्यायला महाग असतो.

टिपांचे शहर

इंदुरात शेअर बाजारही होता. 1919 पासूनचा. पुढे तो मध्य प्रदेश स्टॉक एक्स्चेंज झाला. संगणकावरच्या व्यवहारांनी प्रादेशिक बाजार ओस पडले आणि 2015 मध्ये बाजार नियामक सेबीने त्याला बाहेर पडण्याची परवानगी दिली. बाजार गेला, पण बाजाराची जीभ राहिली. गेल्या पंधरा-वीस वर्षांत इंदूर ‘टिप’ देणाऱ्या सल्लागार कंपन्यांचे केंद्र झाले. सेबीने 2013 मध्ये गुंतवणूक सल्लागारांसाठी नियम आणले आणि त्यानंतर कारवाईच्या आदेशांत या शहराचे नाव वारंवार आले.

मलाही असा फोन आला होता. पलीकडे गोड आवाज: ‘सर, दोन दिवस फ्री कॉल घेऊन बघा.’ पहिला कॉल बरोबर आला, दुसराही. तिसऱ्या दिवशी फी मागितली गेली आणि मी ती भरली. पुढच्या महिन्यात फी गेली, शिवाय जवळचे थोडे मुद्दलही. नंतर कळले, यात जादू नसते. हजार जणांना फोन करायचा. निम्म्यांना सांगायचे वर जाईल, निम्म्यांना खाली. ज्यांचे बरोबर आले त्या पाचशेंना पुन्हा तसेच. उरलेले अडीचशे तुम्हाला देव मानतात. मी त्या अडीचशेंतला होतो.

सप्टेंबर 2024 मध्ये सेबीने वायदे आणि ऑप्शनच्या व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत 93 टक्के वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांना तोटा झाला आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या वर गेला. शेठ हुकुमचंदांच्या काळी सट्टा करायला पेढी लागायची. आज मोबाइल पुरतो.

भिशीचे गणित

पॅसिव्ह गुंतवणुकीचा युक्तिवाद अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम शार्प यांनी 1991 मध्ये अवघ्या काही पानांत मांडला. तो भिशीवरून चटकन कळतो. वीस जणींनी भिशी लावली. कोणाला आधी मिळेल, कोणाला नंतर; पण सगळ्यांचे मिळून जमा तेवढेच वाटले जाणार. आता चहा-पोह्यांचा खर्च भिशीतूनच काढला, तर सरासरी हिस्सा तेवढ्याने घटणारच. बाजारातही हेच. सगळ्या गुंतवणूकदारांचा सरासरी परतावा म्हणजे बाजाराचा परतावा. काही फंड मॅनेजर जेवढ्याने पुढे जातात, तेवढ्याने बाकीचे मागे पडतात. मग अभ्यास, दलाली, कमिशन आणि जाहिरातीचा खर्च वजा करा: सरासरी अ‍ॅक्टिव्ह पैसा बाजाराच्या मागे राहणार. यात मॅनेजरच्या हुशारीचा प्रश्नच नाही, ही वजाबाकी आहे.

अमेरिकेत जॉन बोगल यांनी 1976 मध्ये याच विचारावर सामान्य माणसासाठी इंडेक्स फंड, म्हणजे निर्देशांकातले सगळे शेअर घेणारा फंड, काढला, तेव्हा 15 कोटी डॉलरचे उद्दिष्ट होते आणि जमले जेमतेम 1 कोटी 13 लाख. लोक हसले. 2008 मध्ये अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी पैज सुरू केली: दहा वर्षांत साधा इंडेक्स फंड निवडक हेज फंडांना हरवेल. 2017 अखेर इंडेक्स फंडाने वर्षाला सुमारे 8.5 टक्के दिले, हेज फंडांच्या संचाने सुमारे 3.

आपल्याकडे निफ्टी या पन्नास शेअरच्या निर्देशांकाचा पहिला ईटीएफ, म्हणजे बाजारात शेअरसारखा विकला जाणारा फंड, डिसेंबर 2001 चा. 1 जानेवारी 2013 पासून एजंटाच्या कमिशनविना थेट योजना मिळू लागल्या. खर्चाचा फरक छोटा वाटतो, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. दहा लाख रुपये, 25 वर्षे, खर्चाआधी दोन्हीकडे 11 टक्के परतावा. एका फंडाचा खर्च वर्षाला 0.2 टक्के, दुसऱ्याचा 1.8. पहिल्यात सुमारे 1 कोटी 30 लाख होतात, दुसऱ्यात 90 लाख. चाळीस लाख चहा-पोह्यांत गेले.

दुसरी बाजू

इंडेक्स फंड म्हणजे साधू नव्हे. निफ्टीच्या वजनातला सुमारे एक तृतीयांश भाग बँका आणि वित्त कंपन्यांचा असतो, तेव्हा ‘सगळा बाजार’ म्हणणे पूर्ण खरे नाही. जानेवारी 2009 मध्ये सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचा घोटाळा बाहेर आला तेव्हा सत्यम निफ्टीत होती. इंडेक्स फंडवाल्यांनीही तो फटका सोसला, फक्त तो पन्नासांतल्या एकाचा होता. शिवाय कंपन्यांचे ताळेबंद वाचणारे कोणी उरलेच नाही, तर भाव ठरवणार कोण? पॅसिव्ह माणूस अ‍ॅक्टिव्हच्या मेहनतीवर फुकट प्रवास करतो, हे मान्यच केले पाहिजे. लहान कंपन्यांत, जिथे माहिती कमी असते, तिथे जाणत्या मॅनेजरला अजून वाव आहे.

पण निर्देशांकाचा एक गुण मला इंदूरच्या इतिहासाकडे नेतो. 1986 मध्ये सेन्सेक्स सुरू झाला तेव्हा त्यात बॉम्बे डाइंग, सेंच्युरी, हिंदुस्थान मोटर्स, प्रीमियर ऑटोमोबाइल्स होत्या. आज त्यांतली एकही नाही. कापड गेले, अ‍ॅम्बेसेडर गेली, सॉफ्टवेअर आले, बँका आल्या. निर्देशांकाला कशाचा मोह नाही, कोणाची लाज नाही. खंगलेली कंपनी तो बाहेर काढतो. हुकुमचंद मिलच्या कामगाराला हेच करता येत नव्हते, आणि वडिलांनी घेतलेला शेअर कपाटात जपणाऱ्या आपल्यालाही जमत नाही.

म्हणून माझे मत सरळ आहे. सामान्य घराच्या मोठ्या पुंजीला कमी खर्चाचा इंडेक्स फंड पुरेसा आहे. शेअर निवडायची हौस असेल तर तिचा हिस्सा छोटा आणि ठरलेला असावा, बुडाला तरी घरातली चूल पेटेल इतका. थीमचा फंड घेण्याआधी आपण नोकरी त्याच थीममध्ये करतो का, हे पाहावे. आयटीतल्या पगारदाराने आयटीचाच फंड घेणे म्हणजे गिरणीत नोकरी आणि गिरणीचाच शेअर.

पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर तुम्ही नकळत पॅसिव्ह गुंतवणूकदार आहातच. ऑगस्ट 2015 पासून ईपीएफओ नव्या जमेचा काही हिस्सा ईटीएफमध्ये घालते. आधी 5 टक्के, 2017 पासून 15.

या दिवाळीला वहीपूजन झाले की पहिल्या पानावर ‘श्री’ खाली एवढेच लिहा: आपला पैसा कुठे कुठे आहे, आणि तो सांभाळण्यासाठी आपण वर्षाला किती रुपये देतो. टक्के लिहू नका, रुपये लिहा.